जावयाच्या ड्रॉवरमधलं पिस्तूल

विश्रामबागेतल्या एका काकूंचं पत्र आलंय. साडेतीन पानं आहेत, थोडं कापून देते.

"माझी लेक डॅलसजवळ असते, जावई आयटीत, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. नातू सहा वर्षांचा. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आजी आज आम्ही वर्गात दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो, बोलायचं नाही, खोकायचं पण नाही, टीचरनी दाराला कुलूप लावलं. का रे म्हटलं तर म्हणाला बॅड मॅन आला तर. तेव्हापासून मला झोप नाही. रोज रात्री यूट्यूबवर तिकडच्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या बघत बसते. लेकीला म्हटलं सगळं सोडून परत या, तर ती चिडली. दुसरं म्हणजे आम्ही उन्हाळ्यात तिकडं होतो तेव्हा कपड्यांच्या घड्या ठेवताना जावयांच्या ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली पिस्तूल दिसलं, शेजारी गोळ्यांचा बॉक्स. आमचे हे म्हणाले आपण बघितलंच नाही असं समज, त्यांच्या घरात आपण बोलायचं नाही. एका अर्थी बरंच आहे म्हणा, अशा देशात घरात काहीतरी पाहिजेच. माझ्या भावाकडं पण गावी बाराबोर आहे, जावईबापू आले की हौसेनं हातात घेऊन बघतात. मधे त्यांची नोकरी गेली होती, अजून मनासारखी मिळाली नाही, हल्ली गप्प गप्प असतात. आपल्याकडं निदान असलं काही नसतं. मी काय करू?"

काकू,

तुमच्या पत्रात जवळजवळ तीन पानं शाळेवर आहेत, पिस्तुलावर चार ओळी आहेत आणि जावयांच्या गप्प राहण्यावर एक अर्धं वाक्य. मी तुमच्या जागी असते तर माझंही असंच झालं असतं, कारण सहा वर्षांचं पोरगं अंधारात तोंड दाबून बसलंय हे डोळ्यासमोर आलं की बाकी काही सुचतच नाही. पण मला काळजी त्या अर्ध्या वाक्याची वाटतेय, का ते सांगते, जरा धीरानं वाचा.

आधी शाळेचं बघू. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कोलंबाईनच्या शाळेत 1999 मध्ये गोळीबार झाला तेव्हा जग हादरलं होतं, मग 2012 ला सँडी हूक, त्यात पहिलीतली 20 मुलं गेली, म्हणजे तुमच्या नातवाएवढी. 2022 ला युवाल्डीत 19 मुलं आणि 2 शिक्षिका, आणि ते तर टेक्सासातच. तेव्हा तुम्हाला झोप लागत नाही यात वेडेपणा काही नाही. फक्त यूट्यूब तुम्हाला जे दाखवतंय ते एवढंच दाखवतंय. 2022 या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीनं 48,000 हून जास्त माणसं मेली, आणि त्यातली अशा सामूहिक गोळीबारात गेलेली शंभरात एकाच्या आसपास भरतात. निम्म्याहून जास्त माणसांनी, म्हणजे 27,000 च्या वर लोकांनी, स्वतःच स्वतःला गोळी मारून घेतली होती. हे तुमच्या मोबाईलवर येत नाही कारण याचा व्हिडिओ नसतो, हेलिकॉप्टरमधून शूटिंग नसतं, घरातल्या घरात होतं आणि घरातली माणसं ते कुणाला सांगत पण नाहीत.

म्हणून मी म्हणते की तुमचं लक्ष शाळेच्या फाटकाकडं आहे आणि धोका मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता जावयांनी ते का घेतलं असेल याचा मी अंदाज करते, चुकला तर सोडून द्या. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, अ‍ॅलन हा सगळा आपल्या लोकांचा पट्टा, तिथं गणपती बसतात, ढोलपथकं आहेत. त्याच अ‍ॅलनमध्ये 6 मे 2023 ला शनिवारी दुपारी आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, 8 माणसं गेली, त्यात तीन वर्षांचं एक पोर होतं आणि हैदराबादची एक तरुण इंजिनिअर मुलगी पण होती. त्या भागातल्या प्रत्येक भारतीय घरात त्या रात्री हेच बोलणं झालं असणार की आपण परवाच तिथं गेलो होतो. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्या बापाला वाटलं असेल आपल्याकडं पण काहीतरी असू दे. मला याचा राग येत नाही, कुणालाही वाटेल. आणि खरं ते खरं, अ‍ॅलनमध्ये जवळच दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका पोलिसानं त्या माणसाला टिपला म्हणून आकडा तिथं थांबला. पण तो ट्रेनिंग झालेला, ड्युटीवरचा पोलीस होता हो. आणि दुसरीकडं युवाल्डी बघा, 376 हत्यारबंद पोलीस जमले होते आणि वर्गात शिरायला त्यांना 77 मिनिटं लागली. एवढ्या जणांना जमलं नाही ते आपले जावईबापू रात्री दोन वाजता झोपेतून उठून, मोजे बाजूला सारून, अंधारात गोळ्या भरून कसं जमवणार आहेत? चोर येण्याआधी ते पिस्तूल कुणाच्या हाताला लागेल याचा विचार केला तर उत्तर एकच येतं, जो मुलगा आजीचा चष्मा, आजोबांची दाढीची पेटी, आईचा मेकअप सगळं उचकतो तोच. तुम्हाला घड्या ठेवताना सापडलं ना? मग त्याला सापडलेलं नाही कशावरून? मुलांना घरातल्या लपवलेल्या जागा आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, दिवाळीचा लाडवाचा डबा आपण कुठं कुठं ठेवतो आठवा.

आणि शाळेच्या ज्या बातम्या तुम्ही बघता त्यांच्या मुळाशी गेलात तरी शेवटी घरातलंच कपाट निघतं. सँडी हूकच्या पोरानं आईच्या बंदुका वापरल्या, आधी तिलाच मारलं. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड म्हणून गाव आहे, तिथं 2021 च्या नोव्हेंबरात बापानं सेलमध्ये पोराच्या आवडीचं पिस्तूल आणलं आणि चौथ्या दिवशी त्या पंधरा वर्षांच्या पोरानं शाळेत चार मुलं मारली. त्याच दिवशी सकाळी शाळेनं आईबापाला बोलवून त्यानं वहीत काय काढलंय ते दाखवलं होतं, दोघं बघून कामाला निघून गेले, घरातलं पिस्तूल जागेवर आहे का हे कुणी बघितलं नाही. 2024 मध्ये कोर्टानं आईला आणि बापाला, दोघांनाही, 10 ते 15 वर्षांची शिक्षा दिली. तिकडं आईबापाला अशी शिक्षा होण्याची ती पहिलीच वेळ. सर्बियात बेलग्रेडला 2023 मध्ये तेरा वर्षांच्या मुलानं शाळेत जे केलं ते पण बापाच्याच बंदुकांनी. आणि टेक्सास म्हटलं की आपल्याला वाटतं तिथं काही कायदाच नाही, 2021 पासून परवान्याशिवाय कमरेला लावून फिरता येतं हे खरंय, पण भरलेली बंदूक निष्काळजीपणानं ठेवली आणि ती सतरा वर्षांखालच्या पोराच्या हाताला लागली तर तो टेक्सासात सुद्धा गुन्हा आहे. हे जावयांना माहीत असेलच, नसेल तर लेकीला माहीत करून द्या.

आता ते अर्धं वाक्य.

काकू, तुमचं माहेर तासगावकडचं असं पत्रात आहे म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. द्राक्षाच्या पट्ट्यात बागेवर मारायचं औषध घराघरात असतं. भांडण झालं, बँकेची नोटीस आली, अवकाळीनं बाग झोपली, आणि रागाच्या भरात कुणीतरी औषध पिलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यातली कितीतरी माणसं वाचली, मिरजेला वेळेत पोचली, आणि नंतर नातवंडं खेळवत बसलेली आपण बघितलीत. कारण तो विचार चोवीस तास टिकून राहणारा नसतो, लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताला काय लागतं एवढ्यावर सगळं असतं. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल शेतीऔषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली तर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या, माणसांची दुःखं काही कमी झाली नव्हती. अमेरिकेत औषधाच्या जागी बंदूक आहे, एवढाच फरक, आणि तो फरक फार वाईट आहे कारण बंदुकीनं केलेला प्रयत्न दहात नऊ वेळा जीव घेतो. मिरजेला न्यायला वेळच मिळत नाही.

आता जुळवून बघा. नोकरी गेलेली, मनासारखी मिळत नाही, घराचं कर्ज असणार, चाळिशीच्या आसपासचा पुरुष, परक्या देशात, आणि गप्प गप्प. आपल्याकडच्या पुरुषांना नोकरी गेली हे सांगताना चोरी पकडल्यासारखं होतं, त्यात हा सासरच्यांना तर अजिबात सांगणार नाही. मी असं म्हणत नाही की ते काही करून घेणारेत. बहुतेक नसतीलच, माणूस वैतागला की गप्प बसतो, माझा भाऊ तर निम्मा जन्म तसाच काढतोय. पण गप्प झालेल्या माणसाच्या उशाशी भरायला तयार पिस्तूल नसावं, एवढं मला ठामपणे वाटतं. दुसरं काही नाही.

मग बोलायचं कुणी आणि कसं. जावयाशी सासूनं थेट पिस्तुलावर बोलायला सुरुवात केली तर तुमचं राहील बाजूला, तुम्ही आमच्या ड्रॉवरमध्ये हात का घातला इथून चालू होईल, आणि लेक मधल्या मधे चेंगरेल. म्हणून पहिला फोन लेकीला, एकटीला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, फॉरवर्डच्या गर्दीत हरवेल आणि चुकून फॅमिली ग्रुपवर गेलं तर बोंब. रविवारी सकाळी आठला करा, तिकडं शनिवारची रात्र असते, पोरगं झोपलेलं असतं. परत या हा विषय काढायचा नाही. काढलात की ती कान बंद करणार, आधीच एकदा चिडलीय. असं काहीतरी म्हणा की बाळा, घड्या ठेवताना मला पिस्तूल दिसलं, तेव्हा बोलले नाही, आता बोलतेय, ते ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा पण कुलपात ठेवा. पिस्तूल रिकामं करून कुलपाच्या पेटीत आणि गोळ्या वेगळ्या, दुसऱ्या कुलपात, तिकडचे मुलांचे डॉक्टर पण हेच सांगतात. पेट्या बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या मिळतात, आणि साधं वायरचं कुलूप तर तिकडं कितीतरी पोलीस ठाण्यांत फुकट देतात. किल्ली कुठं ते पोराला कळता कामा नये.

दुसरं, तिला विचारा की हे बरे आहेत का गं. नुसतं जेवतात का झोपतात का एवढं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. सरळ विचारा की जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलले का कधी. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार नव्यानं येतो हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ती हो म्हणाली किंवा नुसती गप्प बसली तरी पिस्तूल त्याच आठवड्यात घराबाहेर गेलं पाहिजे, भरवशाच्या मित्राकडं, नाहीतर काही बंदुकीची दुकानं थोडे दिवस ठेवून घेतात. आणि 988 हा नंबर तिला सांगा, तिकडं असल्या वेळी फोन करायला किंवा मेसेज करायला तोच नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो.

जावयांशी काकांनी बोलावं असं मला वाटतं. हो, तेच काका ज्यांनी बघितलंच नाही असं समज म्हटलं. पिस्तुलाबद्दल त्यांनी अवाक्षर काढायचं नाही. नोकरीबद्दल बोलायचं, आणि उपदेश न करता. काका पण नोकरी केलेला माणूस आहे, बदली, सस्पेन्शन, थकलेला पगार, कुठंतरी मार खाल्लाच असेल, तो सांगावा. सासऱ्यानं स्वतःची फजिती जावयाला सांगायची म्हणजे आपल्याकडं आभाळ कोसळल्यासारखं, पण कोसळू द्या की एकदा.

नातवाचं राहिलं. ते ड्रिल तिकडच्या जवळजवळ सगळ्या शाळांत होतं, आपल्याकडं भूकंपाचं करून घेतात तसलं. त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका की घाबरलास का, किती वेळ बसला होतास. तुमचा चेहरा बघून तो घाबरेल. टीचरचं ऐकलंस ना, शहाणा माझा, आणि मग काय खाल्लंस डब्यात, एवढं पुरे. रात्री तो दचकून उठत असेल, शाळेत जायला नको म्हणत असेल तर लेकीनं शाळेशी बोलावं, तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच 2020 मध्ये सांगितलंय की मुलांना घाबरवणारी खोटी खोटी गोळीबाराची नाटकं करू नका. आणि एक गोष्ट लेकीला नक्की सांगा, नातू कुणाकडं खेळायला जाणार असेल तर आधी त्या आईला विचारायचं की तुमच्याकडं बंदूक आहे का आणि कुलपात आहे का. तिकडं हे विचारायची पद्धत आहे, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारतात तशी. आपल्या लोकांना विचारायला जड जातं, आपल्याच मराठी मंडळातल्या घरी काय विचारायचं म्हणून. पण आता तुमच्याच लेकीच्या घरात मोज्यांखाली निघालं, ते तिच्या कुठल्या मैत्रिणीला माहीत आहे का सांगा?

आता थोडं तुमच्यावर. आपल्याकडं असलं काही नसतं हे वाक्य मला खटकलं. तिकडच्यासारखं शाळाशाळांत होत नाही हे खरं, कारण आपल्याकडं बंदूक अशी दुकानातून वाणसामानासारखी मिळत नाही, एकवीस वर्षं पूर्ण लागतात, पोलिसांची चौकशी लागते, आणि 2019 पासून एका माणसाला दोनच्या वर ठेवता येत नाहीत. पण 2023 चा मार्च आठवा. जतमध्ये माजी नगरसेवकाला भर दिवसा गोळ्या घातल्या, आणि त्याच आठवड्यात साताऱ्यात पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात, गोळीबारात दोघं गेले. आणि गुडगावला 2007 मध्येच आठवीतल्या दोन पोरांनी घरातून वडिलांचं पिस्तूल आणून वर्गातल्या मुलाला मारलं होतं. ते पण घरातलं होतं, लक्षात घ्या. शिवाय आता मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडचे गावठी कट्टे आणि ते कमरेला लावून काढलेल्या रिल्स, त्यावर वेगळं लिहायला लागेल, बिनपरवाना सापडलं तर कमीत कमी दोन वर्षं आत, पण पोरांना लाईक दिसतात, दोन वर्षं दिसत नाहीत.

म्हणून तुमच्या भावाची बाराबोर. ती आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते, आणि मग भिंतीवर खुंटीला लटकते, बरोबर ना? बहुतेक घरांत तशीच असते, शोभेला. जावई येतात तेव्हा ती हौसेनं खाली काढली जाते, सगळे बघतात, कुणीतरी नेम धरून फोटो काढतो, आणि सहा वर्षांचा नातू पण तिथंच बसलेला असतो. त्यानं त्यातून काय घ्यायचं ते घेतलंच असणार. भावाला सांगा लोखंडी कपाट करून घे, काडतुसं दुसरीकडं कुलपात ठेव, आणि पाहुण्यांना दाखवायचं बंद कर. 2016 च्या नियमांप्रमाणं लायसनवाल्याला सुरक्षित ठेवीन असं लिहूनच द्यावं लागतं, तेव्हा तो नाही म्हणूच शकत नाही. हे आधी करा, लेकीला फोन करायच्या पण आधी. मग तिला सांगताना तुमच्याकडं एक सोपी वाट असेल, की मामाला पण आम्ही कपाट करायला लावलं. जावयांना पण ते ऐकायला सोपं जाईल, सासरचे आपल्यावरच घसरले असं वाटणार नाही.

परत या म्हणायचं का? मला विचाराल तर आत्ता नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाला परत या म्हणजे तू हरलास असं ऐकू येतं. पुढं त्यांनीच विषय काढला तर वरची खोली रिकामी आहे एवढंच म्हणा. आणि अमेरिका बंदुका बंद का करत नाही हा प्रश्न पण सोडा. ऑस्ट्रेलियात 1996 ला पोर्ट आर्थरला 35 माणसं गेल्यावर सरकारनं साडेसहा लाखाच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या, अमेरिकेत तो हक्क 1791 पासून घटनेत बसलाय आणि तिथं माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, ते तुमच्या माझ्या जागरणानं हलणार नाही.

जागरणावरून आठवलं, यूट्यूब रात्री नको. तरी पंधरा दिवसांत झोप आली नाही तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. काकांना हा कागद वाचायला द्या, त्यांचा पण भाग यात आहे. आणि भावाच्या कपाटाचं काय झालं ते कळवा, तो आढेवेढे घेईल असं वाटतंय.